अव्यक्त म्हणजे शून्य नव्हे

तीळ हातात घेऊन पाहिला तर त्यात तेल दिसत नाही. पण घाण्यातून तेल निघते ते तिळाचेच. वाळू कितीही रगडली तरी तेल निघत नाही. यावरून सांख्यदर्शन सांगते की कार्य हे आपल्या कारणात आधीपासून सूक्ष्मरूपाने असतेच. यालाच ‘सत्कार्यवाद’ म्हणतात.

आता हाच नियम मागे मागे नेऊन पाहा. मडक्याचे कारण माती, म्हणजे पृथ्वी. पंचमहाभूतांचे कारण पाच तन्मात्रा, तन्मात्रांचे कारण अहंकार, अहंकाराचे कारण महत् म्हणजे बुद्धी आणि बुद्धीचे कारण मूलप्रकृती. ईश्वरकृष्णांच्या ‘सांख्यकारिके’नुसार ही साखळी येथे थांबते, मूलप्रकृतीला दुसरे कारण नाही.

मूलप्रकृतीत सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण समतोल असतात. सत्त्व म्हणजे प्रकाश, रज म्हणजे हालचाल, तम म्हणजे जडपणा. कोणताही गुण वरचढ नसल्यामुळे तेथे रूप नाही, भेद नाही. म्हणून तिला ‘अव्यक्त’ म्हणतात. ती दिसत नाही याचे कारण तिचे सूक्ष्मत्व, तिचा अभाव नव्हे. तिच्या कार्यांवरून ती ओळखता येते.

साधकाने येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. दगड आणि पाणी ज्या प्रकृतीतून आले, त्याच प्रकृतीतून आपले मन, बुद्धी आणि अहंकारही आले. राग आला की आपण म्हणतो, “मी रागावलो.” सांख्य म्हणते, रजोगुण उसळला, त्याला पाहणारा पुरुष, म्हणजे चैतन्य, निराळा आहे. पाहणारा आणि दिसणारे यांची गल्लत हेच दुःखाचे मूळ.

“सगळे प्रकृतीच करते, मी काय करणार?” अशी पळवाट मात्र काढू नये. विवेक बुद्धीतच उगवतो आणि बुद्धी स्वच्छ ठेवणे हीच साधना. आहार, संगत, वाचन आणि बोलणे यांत सत्त्व वाढले की विवेकाला जागा मिळते.

आज मन खवळले तर उत्तर देण्याआधी क्षणभर थांबा. आत कोणता गुण वर आला आहे, ते पाहा. मग स्वतःला विचारा : हे ज्याला दिसते आहे, तो कोण?