मोटारसायकलचे ऑइल : डब्यावरच्या तीन खुणा

कारागीर असो, फेरीवाला असो की छोटा दुकानदार, आज कितीतरी जणांचा धंदा मोटारसायकलवर चालतो. मागे कापडाचे तागे बांधलेली गाडी चढावर अडली, तर त्या दिवसाची कमाई बुडालीच समजा. तरीही ऑइल घेताना आपण ‘कोणतेही चांगले द्या’ म्हणून मोकळे होतो. सूत घेताना मात्र काउंट विचारल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. ऑइलच्या डब्यावरही अशाच खुणा असतात. त्या वाचता आल्या पाहिजेत.

पहिली खूण एसएईची : 10डब्ल्यू-30, 20डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंड इंजिनात सहज वाहते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. दाट तेच मजबूत, हा समज चुकीचा आहे. 10डब्ल्यू-30 लागणाऱ्या गाडीत 20डब्ल्यू-50 घातले, तर इंजिन जड चालते आणि पेट्रोल जास्त लागते. उलट केले, तर तापलेल्या इंजिनाचे संरक्षण कमी पडते.

दुसरी खूण एपीआयची : एसजे, एसएल, एसएम, एसएन. यातला ‘एस’ पेट्रोल इंजिनाचा. दुसरे अक्षर पुढचे, तसा दर्जा नवा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दर्जाच्या खालचा घेऊ नये.

तिसरी खूण जासोची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. बहुतेक गिअरच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलावर चालतात. कारच्या इंजिन ऑइलाचा क्लचशी सहसा संबंध येत नाही. म्हणून त्यात घर्षण फार कमी करणारी द्रव्ये घातलेली असू शकतात. असे ऑइल मोटारसायकलमध्ये गेले, की क्लचप्लेटा घसरू लागतात. अॅक्सिलरेटर पिळला तरी इंजिन नुसते ओरडते, ओझे ओढत नाही. यासाठी 1998 साली जपानमध्ये जासोचा वेगळा दर्जा ठरला. ओल्या क्लचच्या गाडीला ‘एमए’ किंवा ‘एमए2’ पाहावे. ‘एमबी’ हे बिनगिअरच्या स्कूटरसाठी.

नेमका नंबर, प्रमाण आणि बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तकात असते. सीलबंद डबा बिलासह घ्यावा, समोर उघडून घ्यावा आणि रिकामा डबा फोडून टाकावा, म्हणजे त्यात कोणी नकली माल भरणार नाही. डब्यामागे चार पैसे वाचले आणि क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या, तर तो सौदा तोट्याचाच.