झिजलेले इंजेक्टर आणि त्यांची बदली

माल भरलेला ट्रक घाट चढताना काळ्या धुराचे लोट सोडीत चालला आहे, हे दृश्य वाचकांच्या परिचयाचे असेल. हा काळा धूर म्हणजे पुरते न जळलेल्या डिझेलमधील कार्बनचे कण होत. बोजा अधिक म्हणून धूर अधिक, असे समजून पुष्कळदा त्याकडे दुर्लक्ष होते. हवेची गाळणी तुंबल्यानेही धूर येतो. परंतु गाळणी स्वच्छ असून ट्रक चारपाच लाख किलोमीटर धावलेला असेल, तर संशय प्रथम इंजेक्टरवर घ्यावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. त्यामुळे ती अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ मधील यशस्वी इंजिनात इंधन हवेच्या झोताने आत ढकलले जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर वाहनावर वागविणे कठीण होते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ पासून इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केल्यावर डिझेल इंजिन ट्रकवर सुखाने नांदू लागले. भारतात हे पंप व नोझल बॉशच्या सहकार्याने बनविण्याचे काम बंगलोर येथे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने केले.

येथे विचार करावयाचा तो जुन्या, यांत्रिक पद्धतीच्या इंजेक्टरचा. त्याच्या टोकाशी नोझल, नोझलमध्ये पोलादी सुई आणि सुईला दाबून धरणारी स्प्रिंग असते. डिझेलचा दाब वातावरणाच्या सुमारे दोनशेपट झाला की सुई उचलली जाते, पाव मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रांतून डिझेल धुक्यासारखे आत शिरते, आणि दाब उतरताच सुई पुन्हा आपल्या बैठकीवर आपटते. सुई व तिचा कोश यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चारपट एवढीच असते. माणसाचा केस हिच्या वीसपट जाड म्हणावा लागेल.

आता थोडा हिशेब करू. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सुई मिनिटाला ७५० वेळा उघडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने चार लाख किलोमीटर जाण्यास १०,००० तास लागतात. तेवढ्यात ती सुई ४५ कोटी वेळा आपटलेली असते! स्प्रिंग मंदावते, बैठक रुंदावते, आणि डिझेलमधून आलेली धूळ छिद्रे व फट घासून मोठी करते. मग धुक्याऐवजी थेंब पडू लागतात. थेंब उशिरा जळतात, धूर होतो, इंधन वाया जाते. आणि टपकणारे नोझल तसेच चालविले तर दट्ट्याचा माथा जळून भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका इंजेक्टरची नळी क्षणभर सैल करावी. ज्या ठिकाणी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार समजावा.

नुसत्या डोळ्यांनी मात्र झीज दिसत नाही. ‘नोझल चकाकते आहे, म्हणजे चांगले आहे’ हा समज चुकीचा होय. काढलेला इंजेक्टर हातपंपावर लावून तो किती दाबाला उघडतो, फवारा सारखा पडतो की एकीकडे, आणि उघडण्याच्या दाबाहून किंचित कमी दाब दहा सेकंद ठेवला असता टोकाशी थेंब जमतो काय, हे पाहावे. या फवाऱ्यापुढे हात कदापि नेऊ नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि प्रथम दुखतही नाही, पण पुढे बोट कापावे लागण्याची वेळ येते. अशा माणसास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

इंजेक्टर काढण्यापूर्वी भोवतालची माती पुसून नळ्यांची तोंडे झाकावीत. जुना तांब्याचा वॉशर पुष्कळदा खाचेतच चिकटून राहतो. त्यावर नवा बसविला की नोझल वर उचलले जाते आणि फवारा भलत्याच जागी पडतो. नवे नोझल घालूनही धूर थांबत नाही, त्याचे कारण कित्येकदा हेच असते. एकच नोझल बदलून काम भागविण्याची काटकसरही फसवी आहे. सर्व सारखेच धावलेले असतात, म्हणून संपूर्ण संच बदलावा, नवीही हातपंपावर तपासावीत, आणि उत्पादकाच्या पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळावीत. त्याच वेळी डिझेलची गाळणी बदलून टाकीतील पाणी व गाळ काढावा. अन्यथा नव्या नोझलची तीच गत होते. शेवटी नळ्यांतील हवा काढून इंजिन सुरू करावे.

अलीकडच्या ट्रकांत कॉमन रेल पद्धत असते. तेथे दाब दीड-दोन हजार बारपर्यंत चढतो आणि इंजेक्टर विजेच्या संकेतावर उघडतो. अशा गाडीत इंजिन चालू असताना नळी सैल करून पाहण्याची वर सांगितलेली रीत कधीही वापरू नये.