बोलणारा फोन आणि गाडीवरचे लक्ष

पूर्वी गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल वाट चुकत नसत. ओळखीच्या रस्त्याने ते गाडी नीट घरी आणीत. मोटारीचे तसे नाही. चालवणाऱ्याचे डोळे तेच तिचे डोळे.

आता हिशेब करा. मोटार तासाला ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे १७ मीटर जाते. फोन कोणाचा आला ते पाहायला तीन सेकंद लागले, तर गाडी ५० मीटर पुढे गेली. आंधळी गेली म्हणा ना! तेवढ्यात म्हैस आडवी आली असेल, शाळेची पोरे आली असतील.

यावर एक तोड निघाली. फोनशी तोंडाने बोलायचे. "अमक्याला फोन लाव" म्हटले की तो लावतो. "पुढे डावीकडे वळा" असा रस्ताही सांगतो. अनोळखी शहरात ही सोय फार कामाची.

पण डोळे मोकळे झाले म्हणजे मन मोकळे झाले काय? अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासले. २०१५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाडीतल्या यंत्राला तोंडी हुकूम दिला, काम झाले. तरी काही यंत्रांच्या बाबतीत मन पुरते रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो, असे आढळले. तेवढ्यात आपली मोटार ४५० मीटर जाईल. माणूस म्हशीकडे बघतो आणि त्याला म्हैस दिसत नाही!

मग शेजारी बसलेला बोलतो, त्याचे काय? तो रस्ता पाहत असतो. समोरून ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो. "अहो, जपून," असेही म्हणतो. फोनवरच्या पाहुण्याला काय दिसते? त्याचे सोयरिकीचे बोलणे चालूच राहते.

गाडी चालवताना फोन हातात धरून बोलणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे हातातला फोन फक्त रस्ता समजण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होऊ न देता.

तेव्हा जायच्या गावाचे नाव गाडी सुरू करण्याआधीच फोनला सांगून ठेवा. हेल्मेटखाली फोन कोंबून बोलणारे पुष्कळ दिसतात. तो प्रकार मला मुळीच पसंत नाही. बोलणे अगदी जरूर असेल तर गाडी कडेला घेऊन थांबवा. आणि घरच्या मंडळींनो, त्याने फोन उचलला नाही म्हणून रागावू नका. तो गाडीवर असेल.