दूषित धान्य व ‘पवित्र अग्नी’

आहारज व्याधींचा अभ्यास करताना मध्ययुगीन युरोपातील एका विकाराची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. इ. स. ८५७ मधील ऱ्हाइन खोऱ्यातील इतिवृत्तात त्याची नोंद आहे: अंगावर फोड, मांस कुजणे, अवयव गळून पडणे. रुग्णांना होणाऱ्या असह्य दाहामुळे लोक त्यास ‘पवित्र अग्नी’ म्हणू लागले.

कारण अन्नातच होते. राय (आपली राई नव्हे, हे गव्हाच्या कुळातील धान्य) हे गरिबांचे अन्न. थंड, ओलसर हवेत त्यावर क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही बुरशी वाढते आणि दाण्याच्या जागी काळपट-जांभळा अर्गट तयार होतो. त्यातील अल्कलॉइडांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व कोथ होतो. काही रुग्णांत आक्षेपाची लक्षणे प्रबळ असत.

इ. स. १०९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये संत अँथनींच्या नावे सेवासंघ स्थापन झाला. त्याच्या रुग्णालयांत गव्हाचा पाव मिळे आणि पुष्कळांस उतार पडे. श्रेय संतांना गेले. आमच्या मते ते अजाणता घडलेले निदानपरिवर्जनच होय. धान्याकडे निश्चित बोट दाखविले गेले ते १६७६ मध्ये, दोदार यांच्याकडून.

आपल्याकडे बाजरीवर याच वर्गातील निराळी बुरशी येते. १९७५ मध्ये राजस्थानात तिच्यामुळे मळमळ, वांत्या व भोवळ यांची साथ उद्भवली होती. वीस टक्के मिठाच्या पाण्यात दाणे टाकल्यास अर्गट तरंगतो. तो काढून दाणे स्वच्छ धुवावेत. नव्या बाजरीच्या दिवसांत एकाच घरातील अनेकांना वांत्या होत असल्यास वैद्यांनी त्या घरातील धान्य मागवून पाहावे.