लोखंडी नांगराची कुळकथा आणि नांगर पारखण्याची रीत



उसाचा खोडवा मोडायचा असो की हरळीने व्यापलेले रान काढायचे असो, वारणा खोऱ्यातील कोडोली परिसरात पहिला विचार करावा लागतो तो नांगरटीचा. आज हे काम बहुतांशी ट्रॅक्टरने होते. परंतु नांगर ट्रॅक्टरचा असो वा बैलांचा, मातीचा तास कापून तो उलटा पाडण्याचे तत्त्व एकच आहे. हे तत्त्व आपल्या भागात रुजविण्यात किर्लोस्कर घराण्याचा वाटा मोठा आहे. त्यांच्या नांगराची हकीकत अवजार विकत घेणाऱ्याने मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. मुंबईत ते चित्रकला शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, त्यांनी बंधू रामचंद्रराव यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता विकता यंत्रकामात त्यांचा हात बसला. मग त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते, धाटे तुडविते. कुट्टी केली की धाटेही पोटात जातात. हा फायदा दावणीलाच दिसत असल्याने यंत्राची उपयुक्तता पटवून देणे तुलनेने सोपे होते.

नांगराचे तसे झाले नाही. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला, पण पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा लोकांचा समज होता. यात आपल्याच शेतकऱ्याला अडाणी ठरविण्याचे कारण नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनीही हाच आक्षेप घेतला होता.

विषाची भीती खोटी होती, पण नवा नांगर घेताना मागेपुढे पाहण्यास खरी कारणेही होती. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. फाळ बोथटला की लोहार भट्टीत घालून शेवटून देई. सगळा व्यवहार धान्यावर. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत. शिवाय ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठोकून वाढत नाही. घण घातला तर ते फुटते. ऐन हंगामात फाळ मोडला आणि दुसरा मिळाला नाही, तर नांगर बांधावर पडून राहणार आणि पेरा लांबणार.

या अडचणीवर इंग्लंडमधील इप्सविच येथील रॅन्सम यांनी उपाय काढला होता. १८०३ च्या त्यांच्या पेटंटातील ओतीव फाळाची खालची बाजू ओतताना झटकन थंड होऊन अतिशय कठीण बने आणि वरची बाजू त्या मानाने मऊ राही. मऊ बाजू आधी झिजल्यामुळे चालता चालता फाळाला धार येई. १८०८ मध्ये त्यांनी सुटे भाग बोल्टने जोडण्याची पद्धत आणली. एक भाग मोडला तर तेवढाच बदलता येऊ लागला. आमच्या मते लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या घरात टिकला तो या सुट्या भागांमुळे.

पुढे बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा घेतली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व कर्ज दिले आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या निकामी तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या. नांगर ओढण्यास जड होता हेही सांगितले पाहिजे. भारी काळ्या जमिनीत खोल नांगरटीला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याला सावड करूनच नांगरट उरकावी लागे.

आता व्यवहाराचे पाहू. लाकडी नांगर माती फोडतो, उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ तास कापतो आणि वक्र पंख तो उलथून टाकतो. त्यामुळे धसकटे गाडली जातात आणि हरळीच्या काशा वर येऊन उन्हात वाळतात. त्या वेचल्या नाहीत तर पावसात पुन्हा फुटतात, हे विसरू नये.

नांगर घेताना फाळ, पंख आणि टाच कोणत्या मापाची आहेत व ती तालुक्याच्या बाजारात मिळतात का, हे प्रथम विचारावे. रंग पाहून सौदा करू नये. शक्य असल्यास स्वतःच्या रानात, वाफशावर, दोन-चार तास मारून पाहावे. तासाचा तळ सपाट पडतो का, माती पंखाला चिकटून राहते का आणि नांगर दाबून धरावा लागतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. बैलांचा नांगर खोल जात नसेल तर प्रथम फाळाचे टोक झिजले आहे का ते पाहावे. टोक ठीक असल्यास ओढीची साखळी थोडी लांब करावी किंवा ती वरच्या छिद्रात अडकवावी. फार खोल जात असेल तर उलट करावे. रुमण्यावर भार देऊन खोली साधू नये, त्याने बैल आणि माणूस दोघेही दमतात.

ट्रॅक्टरने दरवर्षी एकाच खोलीवर नांगरल्यास तासाच्या तळाखाली कठीण थर बनतो आणि पाणी मुरत नाही. त्यासाठी खोली आलटून पालटून ठेवावी आणि ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नये. काम संपल्यावर पंखाची माती खरवडून जुने तेल लावावे. गंजलेल्या पंखावर पुढच्या हंगामात माती सरकत नाही आणि पहिल्या दिवसाचे काम निम्म्यावर येते.