कावड, तुळई आणि पुलाचा सांधा

दिनांक ९ जुलै २०२५ रोजी सकाळी वडोदरा जिल्ह्यातील पादरा तालुक्यात, मुजपूरनजीक महीसागर नदीवरील गंभीरा पुलाचा दोन खांबांमधील गाळा अकस्मात कोसळला आणि त्यावरील वाहने नदीपात्रात पडली. या दुर्घटनेत किमान २० जणांचा बळी गेला. वडोदरा व आणंद हे जिल्हे जोडणारा हा पूल १९८५ मध्ये वाहतुकीस खुला झाला होता. प्राथमिक चौकशीनंतर गुजरात शासनाने जाहीर केलेल्या कारणात पुलाचे ‘पेडेस्टल’ व ‘आर्टिक्युलेशन’, म्हणजे बैठकीचा चौथरा व सांधा, चिरडल्याचे नमूद होते. एवढ्या मोठ्या पुलाचे भवितव्य सांध्यावर का अवलंबून असावे, याचे उत्तर स्थितिशास्त्रातील अंतर्गत बलांच्या अभ्यासात मिळते. हा विषय अवघड समजला जातो. वस्तुतः तो कावडीवरूनही उमजतो.

कावडीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी २० किलोची घागर असून प्रत्येक घागर खांद्यापासून एक मीटर अंतरावर टांगलेली आहे, असे समजू. बांबूचे स्वतःचे वजन तूर्त सोडून देऊ. खांद्यावर ४० किलोचा भार येतो, हे उघड आहे. हे झाले बाह्य बल. परंतु बांबूच्या आत काय चालले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. ते जाणण्यासाठी बांबू मनातल्या मनात कापावा आणि सुटलेला तुकडा जागेवर स्थिर राहण्यासाठी कापलेल्या तोंडावर कोणते बल लावावे लागेल, ते पाहावे. अंतर्गत बल काढण्याची सारी पद्धत एवढीच आहे.

खांदा व घागर यांच्या बरोबर मध्ये छेद घेतला, तर बाहेरच्या तुकड्यावर २० किलो खाली ओढतात. म्हणून छेदावर २० किलो वर उचलणारे बल हवे. यास कर्तन बल म्हणतात, कारण ते बांबू कातरू पाहते. शिवाय तुकडा खाली झुकू नये यासाठी वळण रोखणारा जोर हवा. तो २० किलो गुणिले अर्धा मीटर, म्हणजे १० किलो-मीटर येतो. हे नमन परिबल होय. खांद्यालगत ते २० किलो-मीटर होते, आणि म्हणूनच कावड खांद्यापाशी सर्वांत अधिक वाकते. तेथे बांबूची वरची बाजू ताणली जाते व खालची दाबली जाते.

आता छेद दोरीच्या खाचेलगत घ्यावा. तेथे अंतर शून्य, म्हणून नमन परिबलही शून्य. कर्तन बल मात्र पूर्ण २० किलोच राहते. जेथे वाकणे नाही तेथे भारही नाही, हा समज येथे खोटा ठरतो. खाच खोल गेली, तर खांद्यापाशी बांबू भक्कम असूनही टोक तुटून घागर खाली पडेल.

काही पुलांची रचना नेमकी अशीच असते. खांबापासून दोन्ही बाजूंस कावडीसारखे बाहू निघतात आणि समोरासमोरच्या दोन बाहूंच्या टोकांवर मधला गाळा टेकविलेला असतो. अभियंते तेथे सांधा हेतुपूर्वक ठेवतात. उन्हाने काँक्रीट प्रसरण पावले किंवा एखादा खांब किंचित खचला, तरी सांध्यामुळे गाळ्यात वावगे नमन उत्पन्न होत नाही. ही सोय खरी. पण गाळ्याचे व त्यावरील वाहनांचे सारे वजन दोन टोकांच्या अरुंद बैठकींतूनच बाहूंवर उतरते. त्याच फटीतून पावसाचे पाणी झिरपते, पोलाद गंजते, आणि प्रत्येक मालमोटारीचा हादरा तेथेच बसतो. रस्त्यावरून जाणाऱ्यास यातील काहीही दिसत नाही.

(कैचीच्या छपरातील दांड्यांचा हिशेब याहून सोपा. जोड केवळ सांध्यांत व भारही सांध्यांवरच असेल, तर दांडीत फक्त ताण किंवा दाब एवढेच उरते.)

वडोदऱ्यातच १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले, तेव्हा धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे हा त्यामागील एक विचार होता. वरील छेदाची रीत शाळेत फूटपट्टी, दोरा व वजने घेऊन मराठीत सहज शिकविता येते.

गंभीरा पूल धोकादायक झाल्याची लेखी तक्रार एका लोकप्रतिनिधीने २०२२ मध्येच केली होती. अशी तक्रार करताना ‘पूल हलतो’ एवढेच न लिहिता कोणत्या खांबापासून कितवा सांधा, तेथे रस्त्याला पायरी पडली आहे काय, फट रुंदावली आहे काय, खालून गंजाचे ओघळ किंवा काँक्रीटचे तुकडे पडलेले दिसतात काय, हे दिनांकासह नमूद केल्यास तपासणीस येणाऱ्या अभियंत्यास थेट त्या बैठकीपर्यंत जाता येते.