बुद्धिमान मुलाला काय द्यावे?

बालमानसशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, माझा धाकटा भाऊ फार हुशार आहे. त्याच्या वाढदिवसाला काय द्यावे?" एका पुस्तकाचे नाव सांगून मी वेळ मारून नेली. खरे उत्तर द्यायचे तर घरातली एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती भर वर्गात सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. वार्षिकाच्या निमित्ताने ती सांगतो.

माझे गाव वेल्ह्याच्या खोऱ्यात आहे. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे.) माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी पाढे घोकून पाठ करी. ती पाठ करीत नसे. सतरा नव्वे विचारले की क्षणभर थांबून म्हणे, "सतरा दाहे एकशेसत्तर, त्यातून सतरा गेले." ही रीत तिला कोणी शिकविली नव्हती. पाढा पाठ नाही म्हणून शाळेत तिने छड्या मात्र खाल्ल्या. एकदा भातलावणीच्या वेळी हातभर लांब-रुंद जागेत किती चूड बसतात ते मोजून तिने सबंध खाचराचा हिशेब सांगितला. आईने तिला "गप कामाला लाग" म्हटले.

मी शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झालो तेव्हा मामांनी भोरच्या बाजारातून मला कंपासपेटी आणली आणि तिला बांगड्या आणल्या. त्या रात्री चिमणीच्या उजेडात तिने माझ्या कंपासने एक वर्तुळ काढले. कंपास तेवढाच उघडा ठेवून ती त्याचे टोक वर्तुळाच्या कडेकडेने टेकवीत गेली. सहा खुणा झाल्या आणि सहावी नेमकी सुरुवातीच्या जागी येऊन मिळाली. तिने मला विचारले, "दादा, सहाच वेळा का बसतं? सात वेळा का नाही?" मला उत्तर येत नव्हते. मी पेटी हिसकावून घेतली, कारण पेटी माझी होती.

पुढे मला शिक्षणासाठी भोरला ठेवले. हायस्कूल लांब म्हणून ती सातवीनंतर घरी राहिली.

आता थोडे शास्त्राकडे वळू. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती वास्तविक शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करण्यासाठी. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी तिचे मराठी आणि कानडी रूपांतर केले. अमेरिकेत टर्मन यांनी १९२१ साली हेच साधन उलट्या बाजूने वापरले आणि कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार तीव्रबुद्धीची मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. या निवडीची एक गंमत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. शॉकली आणि अल्वारेझ या दोन मुलांना कसोटीत पुरेसे गुण पडले नाहीत म्हणून वगळण्यात आले, आणि पुढे त्या दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. शिवाय मुलांची नावे बहुतांशी प्रथम शिक्षकांनी सुचवायची होती. ज्याचे नाव शिक्षकाच्या ओठावर आले नाही ते मूल बहुधा कसोटीपर्यंत पोहोचतच नसे. माझ्या बहिणीचे नाव कोणी सुचविले असते काय?

शिक्षकाला हुशार वाटते ते मूल बहुधा आज्ञाधारक, टापटिपीचे आणि चटकन उत्तर देणारे असते. प्रज्ञावान मूल पुष्कळदा त्रासदायक असते. ते सांगितलेली रीत सोडून स्वतःची रीत काढते. तेच ते उदाहरण चौथ्यांदा आले की खिडकीबाहेर पाहते. डोक्याच्या वेगाने हात चालत नाही म्हणून त्याचे अक्षरही कित्येकदा गिचमिड असते. आणि गणितात बारा वर्षांचे वाटणारे ते आठ वर्षांचे मूल, फुगा फुटला की आठ वर्षांच्या मुलासारखेच रडते. आईवडिलांना हे विसंगत वाटते, परंतु ते स्वाभाविक आहे.

अशा मुलांना हुडकण्याचे मोठे काम पुण्यात अप्पा पेंडसे यांनी केले. १९६२ साली त्यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापिली आणि १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. प्रबोधिनीने आमच्या वेल्हे भागात ग्रामविकासाचेही काम केले आहे. नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यांतील पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातली. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा असते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पुणे जिल्ह्याचे नवोदय शिक्रापूरला आहे. पाचवीत मूल असणाऱ्या भोर-वेल्ह्याच्या पालकांनी निदान अर्ज तरी भरावा. मुलींचा तर अवश्य भरावा.

आता भेटवस्तूंविषयी. जयंत नारळीकर बनारसला लहानाचे मोठे झाले. घरात भिंतीवर फळे लावलेले होते. शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार फळ्यावर एक अवघड गणित लिहीत आणि हे जयंतला आव्हान आहे, असे वर नमूद करीत. उत्तर सापडेपर्यंत किंवा मुलगा हार मानेपर्यंत गणित पुसले जात नसे. त्या मामांच्या भेटीला खडूएवढाच खर्च आला. कुंभकोणमच्या रामानुजनच्या हाती वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास कार यांचे पुस्तक आले. त्यात हजारो प्रमेये होती, पण सिद्धता जवळजवळ नव्हत्या. ज्याला आपण उणीव म्हणू, तीच त्याच्या कामी आली. सिद्धता त्याच्या त्याने शोधल्या.

बाजारातली महाग खेळणी मला म्हणूनच पटत नाहीत. कळ दाबली की मोटार धावते, मुलाला करायला काही उरत नाही. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी मुलांना करून दाखविली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्रिकोण, चौकोन, घन उभे राहतात. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही, हे मुलाच्या बोटांना आधी कळते. आमच्याकडे तर पाऊस फुकट मिळतो. सरळ काठाची बाटली, एक पट्टी आणि कोरी वही द्या, मूल जूनपासून पाऊस मोजील. भिंग द्या. बिघडलेला रेडिओ उघडायला द्या, आणि पुन्हा जोडता आला नाही तर रागावू नका.

गेल्या मे महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. तिच्या नातीसाठी कंपासपेटी नेली होती. नातीच्या आधी बहिणीनेच ती उघडली आणि कागदावर वर्तुळ काढले. मग माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाली, "दादा, आता तरी सांग." मी मध्यापासून खुणांपर्यंत रेघा ओढल्या, शेजारशेजारच्या खुणा जोडल्या. सहा त्रिकोण झाले, प्रत्येकाच्या तिन्ही बाजू कंपासच्या उघड्या मापाएवढ्या, म्हणून मध्यावरचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, आणि साठ सहा वेळा घेतले की फेरा पुरा. ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली, आणि कागद नातीकडे देऊन चहा ठेवायला उठली.